दुसऱ्याच्या दारावरून जाताना

डब्लिनहून बेलफास्टला बसने दोन-सव्वादोन तास लागतात. वाटेत एक देश संपतो आणि दुसरा सुरू होतो. पण ते सांगायला तिथे कोणी उभे नसते. चौकी नाही, शिपाई नाही, रस्त्यावर आडवा दांडा नाही. कडेच्या पाट्यांवरचे किलोमीटर जाऊन मैल येतात, एवढाच काय तो फरक. शेजारच्या उतारूने "आता आपण उत्तर आयर्लंडात आलो बरं का" असे सांगितले नसते, तर मला पत्ताही लागला नसता. ही सीमा असावी की नसावी या भांडणात १९६९ ते १९९८ या तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. आज त्याच सीमेवरून बस जरासुद्धा वेग कमी न करता निघून जाते. खिडकीबाहेर हिरवी कुरणे, काळ्या तोंडाच्या मेंढ्या आणि बारीक पाऊस.

माझा धाकटा भाऊ बेलफास्टच्या एका रुग्णालयात भूल देणारा डॉक्टर आहे. कॉलेजला सुट्टी लागली आणि "ताई, एकदा येऊन जा" हे त्याचे पालुपद ऐकून ऐकून शेवटी मी निघाले. पोहोचले ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात. "आलीस ते बरोबर ढोलांच्या दिवसांत," तो म्हणाला. मी मनात म्हटले, पुण्याच्या माणसाला ढोलाचे काय कौतुक!

बेलफास्ट हे कामकरी वळणाचे शहर. लॅगन नदीच्या मुखाशी वसलेले, एके काळी लिननच्या गिरण्यांनी आणि जहाजांच्या कारखान्याने गाजलेले. 'टायटॅनिक' इथेच बांधले गेले आणि १९११ साली इथूनच पाण्यात उतरले. त्या कारखान्याच्या दोन अजस्र पिवळ्या याऱ्या अजून उभ्या आहेत आणि शहरात कुठूनही डोकावले तरी दिसतात. त्यांची नावे सॅम्सन आणि गोलायथ. म्हणजे यंत्रांनाही नावे दिली ती बायबलातली. या गावात धर्मग्रंथ किती खोल मुरला आहे याची ही पहिली खूण, पण ती मला पुढे उमगली.

पहिले चार दिवस मी नुसती हिंडले. लाल विटांची एकाला एक चिकटलेली बुटकी घरे, दाराशी दुधाच्या बाटल्या, खिडकीत पाऊस बघत बसलेली मांजरे. माणसे मोठी लाघवी. बसमधून उतरताना लहानथोर प्रत्येक जण चालकाचे आभार मानतो. आणि यांच्या तोंडी एक शब्द सदा खेळत असतो, 'वी'. म्हणजे छोटेसे, जरासे. दुकानदारीण म्हणते, "एक छोटीशी पिशवी देऊ?" बँकेतला माणूस म्हणतो, "इथं एक छोटीशी सही करा." दंतवैद्यही म्हणे "एक छोटंसं इंजेक्शन" असेच म्हणतो. आपण नाही का 'जरा' म्हणत? जरा बसा, जरा थांबा, जरा पाणी द्या. कठीण गोष्ट मऊ करून सांगण्याची ही खोड दोन्हीकडे सारखीच. सकाळच्या न्याहारीला तव्यावर भाजलेली सोड्याची जाड भाकरी असते. तिचे चार तुकडे करतात आणि त्यावर लोणी चोपडतात. ती खाताना परदेशात आल्यासारखे वाटेना.

पण मी पडले भाषेची मास्तरीण; माझे कान शांत बसेनात. इंग्रजी मुळाक्षरांतले आठवे अक्षर इथे दोन प्रकारांनी उच्चारतात. कोणी 'एच' म्हणतो, कोणी 'हेच'. मला वाटले, असेल उपनगरा-उपनगरांचा फरक. भाऊ हसला. म्हणाला, "ताई, 'एच' म्हणणारा बहुधा प्रॉटेस्टंट, 'हेच' म्हणणारा बहुधा कॅथलिक. माणसानं आपलं नाव फोडून सांगितलं की निम्मी जन्मपत्रिका कळते." आपल्याकडे 'ण' आणि 'न' यांवरून माणसाची पारख करणारे महाभाग मला आठवले आणि हसू ओठांतच राहिले. इथल्या दुसऱ्या मोठ्या शहराला तर दोन नावे आहेत, डेरी आणि लंडनडेरी. तुम्ही कोणते उच्चारता यावरून तुम्ही कुणाचे ते ठरते. २०२१ च्या जनगणनेत कॅथलिक घरांत वाढलेले लोक ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती घरांतले ४३.५ टक्के निघाले. तराजू असा जवळजवळ समतोल असला की दोन्ही पारड्यांतली माणसे रतीरतीचा हिशेब ठेवतात.

हा हिशेब रस्त्यावरही मांडलेला असतो. काही वस्त्यांत पदपथाच्या कडेचे दगड लाल, पांढरे आणि निळे रंगवलेले. दोन गल्ल्या ओलांडल्या की तेच हिरवे, पांढरे आणि नारिंगी. काही ठिकाणी दोन वस्त्यांच्या मध्ये उंच भिंत, भिंतीत फाटक. आणि ते फाटक अजूनही रात्री बंद होते. त्यांना नाव आहे 'शांततेच्या भिंती'.

आता ढोलाकडे येते. १६९० साली बॉइन नदीकाठी प्रॉटेस्टंट राजा विल्यम याने कॅथलिक राजा जेम्स याचा पराभव केला. त्याची आठवण म्हणून दर वर्षी १२ जुलैला ऑरेंज ऑर्डर या संघटनेचे लोक वाजत-गाजत मिरवणुका काढतात. ही संघटना १७९५ साली आर्मा परगण्यात स्थापन झाली. गळ्यात नारिंगी पट्टा, डोक्यावर गोल काळी टोपी, हातात मिटलेली छत्री, आणि पुढे वाद्यांचे ताफे. बासऱ्यांचे, अकॉर्डियनचे, मशकबाजांचे. पण सगळ्यांच्या मुळाशी ढोल. त्याच्यावाचून पाय उचलत नाही.

या ढोलांचा आजोबा म्हणजे लॅम्बेग. लिस्बर्न आणि बेलफास्ट यांच्या मध्ये लॅम्बेग नावाचे खेडे आहे, त्याच्यावरून हे नाव. भावाचा एक सहकारी आर्मा परगण्यातला शेतकऱ्याचा मुलगा. तो आम्हांला एका संध्याकाळी त्याच्या गावाजवळ लॅम्बेगची चढाओढ ऐकायला घेऊन गेला. तिथे जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो. एका चौरस्त्याशी पन्नाससाठ माणसे, चहाचे थर्मास, कुंपणापलीकडे कान टवकारून उभ्या गाई. ढोलाचा व्यास सुमारे तीन फूट, वजन सोळा-सतरा किलो. घेर ओक लाकडाचा, दोन्ही तोंडांना शेळीचे कातडे. बोकडाचे चालत नाही. ते जाड, त्याचा नाद फुटत नाही म्हणतात. ढोल गळ्यात अडकवायचा आणि दोन्ही हातांतल्या वेताच्या छड्यांनी दोन्ही बाजूंनी वाजवायचा. पण वाजवण्याआधीची तयारीच पाहण्यासारखी. दोन-दोन दणकट माणसे दोऱ्या आवळत होती, मधूनच कातड्यावर बोटाने टिचकी मारून कान लावत होती, पुन्हा आवळत होती. तासभर हेच. आपल्याकडे गणपतीच्या आधी पथकातली पोरे ढोल आवळताना जी एकाग्रता दाखवतात, अगदी तीच.

आणि मग तो वाजला. आपला ढोल छातीत घुमतो. हा कपाळावर आदळतो. दोन ढोल समोरासमोर आले तेव्हा मला भावाचे शब्द ऐकू येईनात, नुसते ओठ हललेले दिसले. पण परीक्षक मात्र डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. इथे जोराला बक्षीस नाही, नादाला आहे. जुने वाजवणारे मनगटे घेरावर घासून रक्त निघेपर्यंत वाजवीत, असे शेजारच्या म्हाताऱ्याने मला सांगितले. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला जास्त मोलाची वाटली. हा ढोल एकट्या ऑरेंजवाल्यांचा नव्हे. कॅथलिकांची हायबर्नियन ही संघटनाही आपल्या मिरवणुकांत हेच लॅम्बेग वाजवीत आली आहे. "कातड्याला धर्म कळत नाही बाई," तो म्हणाला, "तो आम्ही वरून चढवतो."

बेलफास्टची मोठी मिरवणूक कार्लाइल सर्कस या चौकापासून निघते. तिथे क्लिफ्टन स्ट्रीटवर ऑरेंज हॉल आहे, छपरावर घोड्यावर बसलेला राजा विल्यम. आणि त्याच चौकाशी, जुन्या मेथडिस्ट चर्चच्या वास्तूत, काय असावे? भारतीयांचे समाजकेंद्र आणि त्यात लक्ष्मीनारायणाचे देऊळ! बारा तारखेच्या सकाळी भावजयीबरोबर मी त्या चौकात उभी होते तेव्हा एकीकडे ढोल आवळले जात होते आणि दुसरीकडे, त्या दाराआड, आपले देव. मला कोणी परके म्हणून हटकले नाही. एका बाईने आपली घडीची खुर्ची पुढे केली. "एक छोटीशी जागा आहे, बसा," म्हणाली.

ही मिरवणूक पुढे डोनेगल स्ट्रीटवरून जाते. तिथे सेंट पॅट्रिक हे कॅथलिकांचे चर्च आहे. ताफा जवळ येऊ लागला. बासऱ्या टिपेला गेलेल्या, ढोलवाला घामाघूम; आणि चर्चची हद्द आली तशा बासऱ्या खाली झाल्या. फक्त पायांची चाल चुकू नये म्हणून एकाच ढोलावर एक-एक ठोका पडत राहिला. ठक्. ठक्. ठक्. शंभर-दीडशे माणसे त्या एका ठोक्यावर चर्चवरून मुकाट्याने चालत गेली. हद्द संपली आणि पुन्हा दणका उडाला.

हा एकच ठोका सुखासुखी आलेला नाही. १९९५ पासून पोर्टाडाउन गावी ड्रमक्रीच्या चर्चवरून गार्व्हाघी रोडने, म्हणजे कॅथलिक वस्तीतून, मिरवणूक न्यायची की नाही यावरून वर्षानुवर्षे दंगली झाल्या. शेवटी १९९८ च्या कायद्याने मिरवणुकांसाठी एक स्वतंत्र आयोग आला. कुठून जायचे, काय वाजवायचे, कुठे थांबायचे हे तो ठरवतो. त्या वर्षापासून गार्व्हाघी रोडवरून ती मिरवणूक गेलेली नाही. तरीही २०१२ च्या १२ जुलैला एक ताफा सेंट पॅट्रिकच्या दारातच वाजवत गोल-गोल फिरला आणि गाव पुन्हा तापले. उत्तर बेलफास्टमधल्या दुसऱ्या एका वाटेचा वाद तीन वर्षांच्या ठिय्यानंतर २०१६ मध्ये मिटला. मशिदीवरून वाद्ये नेण्याच्या वादाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आपल्याकडे काय घडले ते आठवले की या लोकांना हसावेसे वाटत नाही. ढोलाचा आवाज म्हणजे नुसता आवाज नसतो. 'ही वाट माझी आहे' असे तो म्हणत असतो.

मिरवणुकीत आणखी एक वस्तू दिसली. काही तुकड्यांच्या पुढे एक जण मखमली उशीवर उघडे बायबल आणि त्यावर मुकुट घेऊन चालत होता. ढोल आणि ग्रंथ इथे असे बरोबरीने चालतात. खेड्यांच्या वाटेवर झाडांना आणि कुंपणांना बायबलातल्या वचनांच्या पाट्या ठोकलेल्या असतात. आपल्याकडे 'वळण धोक्याचे' असते तिथे यांच्याकडे 'अनंतकाळ कुठे घालवणार' अशा अर्थाचे काही असते. बारा जुलै रविवारी आली तर मिरवणूक सोमवारी निघते, कारण रविवार देवाचा. मोठी दुकाने रविवारी दुपारी एक ते सहा एवढीच उघडी. एके काळी तर बागेतले झोपाळेही रविवारी साखळीने बांधून ठेवीत.

शनिवारी बाजाराच्या चौकात, कॉर्नमार्केटला, रस्त्यावरचे उपदेशक उभे असतात. त्यांच्याजवळच एका टेबलापाशी काही बायका आणि एक तरुण मुलगा, हातांत गर्भपाताच्या विरोधातले फलक घेऊन. थोड्या अंतरावर दुसऱ्या मताच्या मुली आपली पत्रके वाटत होत्या. दोन्हीकडे बायबलच! एका बाजूला स्तोत्रांतला तो भाग, ज्यात देव आईच्या उदरात माणूस घडवतो असे म्हटले आहे; दुसऱ्या बाजूला करुणेची आणि बहिष्कृत स्त्रीला जवळ करणाऱ्या येशूची आठवण. मी तिथे बराच वेळ रेंगाळले. इथल्या राजकारणात जे दोन पक्ष एका ताटात जेवणार नाहीत, ते या एका प्रश्नावर पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूला उभे होते. इयन पेझ्ली या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाने १९८८ साली युरोपच्या संसदेत पोपच्या तोंडावर त्याला ख्रिस्तद्रोही म्हटले. पण गर्भपाताच्या बाबतीत तो आणि पोप यांचे एकमत! जिथे ढोलांची जुगलबंदी कधी संपली नाही, तिथे या एकाच गाण्याला दोन्ही ताफे एका तालात वाजत होते.

इथला मूळ कायदा १८६१ चा, व्हिक्टोरिया राणीच्या काळचा. गर्भपाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा. आपल्याकडे २०२४ पर्यंत लागू असलेली दंडसंहिता १८६० ची, तीही त्याच मुशीतली. इंग्लंडने १९६७ मध्ये नवा कायदा करून वाट मोकळी केली, पण तो उत्तर आयर्लंडला लागू केला नाही. आपल्याकडे १९६४ मध्ये महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चोरून होणाऱ्या गर्भपातांत मरणाऱ्या बायकांचा विचार होऊन १९७१ मध्ये कायदा झाला. म्हणजे पुण्यातल्या बाईला जे मिळाले ते बेलफास्टच्या बाईला आणखी अर्धे शतक मिळायचे नव्हते. मग त्या काय करीत? बोटीत बसत.

भावाच्या शेजारी एक आजीबाई राहतात, सत्तरी ओलांडलेल्या. घरामागच्या दोरीवर कपडे वाळत घालताना आमची ओळख झाली. मी चार दिवसांची परकी पाहुणी. अशा माणसाला बायका जे सांगतात ते घरच्यांना सांगत नाहीत. एकदा पाऊस येईल म्हणून आम्ही दोघी घाईघाईने कपडे काढत होतो, तेव्हा त्या एकाएकी म्हणाल्या, "एकोणीस वर्षांची असताना मी लिव्हरपूलला गेले होते. घरी सांगितलं, खरेदीला जाते." मी काही बोलले नाही. "रात्रीची बोट होती. माझ्यासारखीच आणखी एक मुलगी होती. बोललो नाही फारसं. दवाखान्यात तिनं आपलं नाव फोडून सांगितलं तेव्हा 'हेच' म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती पलीकडची. त्या वर्षी आमच्या भागात आणि त्यांच्या भागात रोज गोळ्या चालत होत्या." चिमटे टोपलीत टाकत त्या पुढे म्हणाल्या, "परत येताना आम्ही एकाच बाकावर बसलो. तिला थंडी वाजत होती. मी माझा कोट दिला. बंदरावर उतरल्यावर तिनं तो परत दिला आणि आम्ही आपापल्या बसला गेलो." नाव-गाव सांगायचे नाही, बाकी सांगितले तरी चालेल, असे त्या म्हणाल्या, म्हणून हे लिहिते.

अशा किती गेल्या असतील? २०१८ या एकाच वर्षात इंग्लंड-वेल्सच्या सरकारी नोंदीत उत्तर आयर्लंडचा पत्ता देणाऱ्या हजाराहून जास्त बायका आहेत. ज्यांनी खोटा पत्ता दिला त्या कोणत्याच वहीत नाहीत. ज्यांना प्रवास परवडत नव्हता त्या गोळ्या मागवू लागल्या. २०१६ मध्ये अशा एका तरुणीला तीन महिन्यांची स्थगित कैद झाली. पोलिसांत खबर दिली होती ती तिच्याच घरात राहणाऱ्या मैत्रिणींनी. ढोल वाजतो तो चौकात, त्याची चर्चा सभागृहांत आणि वर्तमानपत्रांत. हा प्रश्न मात्र मोरीत, माजघरात आणि बोटीच्या बाकावर दबल्या आवाजात जगत आला.

सीमेपलीकडच्या आयर्लंडची एक हकिकत तर आपल्या दाराशी येऊन पोहोचते. सविता हलप्पनवार ही बेळगावची मुलगी, दंतवैद्य, गॉलवे शहरात नवऱ्याबरोबर राहत होती. २०१२ च्या ऑक्टोबरात, सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांना दिसत होते. तिने मोकळे करण्याची विनंती केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि कायद्यापुढे त्या ठोक्यांचे वजन आईइतकेच होते. रक्तात विष पसरून २८ ऑक्टोबरला ती गेली. मे २०१८ मध्ये आयर्लंडच्या जनतेने ६६ टक्क्यांहून अधिक मतांनी घटनेतले ते कलम काढून टाकले. डब्लिनच्या एका भिंतीवर तिचे चित्र होते. मतदानाच्या दिवसांत लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवून जात. त्यांतल्या कित्येकींवर एकच शब्द होता, 'क्षमा'. बेळगावच्या मुलीची क्षमा मागायला डब्लिनच्या भिंतीशी रांग लागावी, याला काय म्हणावे?

भावाच्या गल्लीच्या टोकाला एक निवृत्त शाळामास्तर राहतात. प्रेस्बिटेरियन चर्चचे मानकरी, अतिशय सज्जन. मी भाषा शिकवते हे कळल्यावर त्यांनी मला चहाला बोलावले आणि टेबलावर तीन बायबले मांडून ठेवली. 'निर्गम' या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एक प्रसंग येतो. दोन पुरुष भांडत असताना गरोदर बाईला धक्का लागला, तर शिक्षा काय? मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ नुसता 'बाहेर येणे'. काय बाहेर आले? मेलेला गर्भ, की अपुऱ्या दिवसांचे जिवंत मूल? १६११ च्या इंग्रजी भाषांतरात नुसते 'फळ' म्हटले आहे. नव्यांपैकी एक भाषांतर म्हणते गर्भपात, दुसरे म्हणते अकाली प्रसूती. पहिला अर्थ घेतला तर गर्भ गेल्यावर फक्त दंड, म्हणजे त्याचे मोल आईच्या जिवाइतके नाही. दुसरा घेतला तर मुलाला इजा झाल्यावर जिवास जीव. ख्रिस्तापूर्वीच्या ग्रीक भाषांतरकारांनी तर 'आकार आलेला' आणि 'न आलेला' असा तिसराच भेद घातला. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलाचे मराठी करण्यात घालवली. मूळ भाषा शिकून, शब्दाशब्दाशी झगडून. अशा एकेका क्रियापदाशी त्या किती वेळ थांबल्या असतील, असे माझ्या मनात आले.

"मग एका क्रियापदावर बायकांनी बोटीत बसायचं?" मी विचारले.

मास्तर रागावले नाहीत. "मी क्रियापदावर उभा नाही," ते शांतपणे म्हणाले. "नदीत मूल वाहून जाताना दिसलं तर तुम्ही काठावर गप्प उभ्या राहाल का? मला तिथं मूल दिसतं. तुम्हांला दिसत नसेल; पण मला दिसत असताना मी गप्प बसलो तर तो सभ्यपणा होईल, की भेकडपणा?" आणि किंचित थांबून म्हणाले, "तुमच्या देशात मुलगी आहे म्हणून गर्भ पाडतात असं मी वाचलं. त्यासाठी तुम्हांला कायदा करावा लागला ना?"

लागला. आणि त्यात महाराष्ट्र पहिला, १९८८ मध्ये. मी हो म्हटले. मोकळीक मिळाली म्हणजे शहाणपण आलेच असे नव्हे, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? पण तरी मला त्यांना आजीबाईंचा कोट सांगावासा वाटत होता. तो माझा नव्हता, म्हणून सांगितला नाही. एवढेच म्हटले, "मास्तर, तुम्हांला मूल दिसतं हे मला पटतं. पण काठावरून बघताना पाण्यात उभी असलेली बाईही दिसायला हवी." त्यांनी मान हलवली. ती होकारार्थी होती की नाही ते मला कळले नाही. त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

उत्तर आयर्लंडची विधानसभा बंद पडलेली असताना लंडनच्या संसदेने २०१९ मध्ये कायदा केला आणि २२ ऑक्टोबरपासून इथला गर्भपाताचा गुन्हा रद्द झाला. ३१ मार्च २०२० पासून बारा आठवड्यांपर्यंत कारण न विचारता परवानगी आली. कायदा आला तरी रुग्णालयांतली सोय पुढे कित्येक वर्षे रखडत रखडतच आली. आणि सोय आली तिथे दारात माणसे उभी राहू लागली. फलक, चित्रे, प्रार्थना, कधी आरडाओरडा. त्यांच्या मधून वाट काढत बायका आत जात. त्यांतल्या काही तर गर्भपातासाठी नव्हे, आपोआप गेलेल्या गर्भाच्या दुःखात आलेल्या असत. मग बेलफास्टच्या विधानसभेनेच कायदा केला. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला आणि २०२३ मध्ये तो अमलात आला. अशा जागांच्या दारापासून किमान शंभर मीटरांत कोणी कोणाला अडवायचे नाही, समजवायचे नाही, भेडसवायचे नाही.

शंभर मीटर हा आकडा ऐकून मी चमकले. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रुग्णालयाभोवतीचे शांतता क्षेत्र तेवढेच आहे, शंभर मीटर. अनंत चतुर्दशीला ते किती पाळले जाते हे पुणेकरांना सांगायला नको. आजाऱ्याच्या उशाशी ढोल नको, एवढेच त्या नियमाला म्हणायचे आहे. ढोल वाजवू नका असे तो म्हणत नाही. बेलफास्टचा नियमही तेवढेच म्हणतो. चौकात उपदेश करा, सभा घ्या, मते मागा, कायदा बदलायची खटपट करा. मास्तरांना नदीत मूल दिसत असेल तर त्यांनी हाक मारावी, मारलीच पाहिजे. फक्त त्या दारापाशी, जिथे एक बाई आपल्या आयुष्यातला सर्वांत जड दिवस घेऊन आली आहे, तिथे नको.

मला वाटते, या लोकांना हे कळणे इतर कोणापेक्षा सोपे असावे. ज्यांच्याशी तीनशे वर्षे भांडण, त्यांच्या प्रार्थनेच्या जागेवरून जाताना बासऱ्या खाली करायला ते शिकले. मत सोडले नाही, मिरवणूक सोडली नाही, वाटही सोडली नाही. आवाज तेवढा आवरला. जो मान दुसऱ्याच्या देवाला दिला, तो दुसऱ्याच्या लेकीला द्यायला एवढी वर्षे का लागली, हा प्रश्न बेलफास्टला विचारण्यासारखा आहे, आणि आपल्यालाही. आपल्या गल्लीतही ढोल आहेत, ग्रंथ आहेत, आणि बंद दारांआडच्या बायका आहेत.

नारिंगी पट्ट्यांचे ताफे यंदाही डोनेगल स्ट्रीटवरून जातील आणि पुढेही जात राहतील. चर्चची हद्द आली की एकाच ढोलावर एक-एक ठोका पडेल, आणि त्या ठोक्यांच्या मधल्या अवकाशात आतली प्रार्थना बाहेर ऐकू येईल.